न्यूट्रलचा दिवा मर्जीनुसार लागतोय. बल्ब बदलून झाला, आता काय?

खाडीकाठचा

मंडळी, जरा मदत हवी आहे. मोटरसायकल दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली, पाच गिअर, किक आणि सेल्फ दोन्ही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'मुळात ती घेतलीतच कशाला' या वळणावर जातो आणि परत येत नाही.

राहतो चिपळूणला. कामासाठी अधूनमधून कुंभार्ली घाट चढून कराडला जाणं होतं. सकाळी गार इंजिनावर चावी फिरवली की हिरवा दिवा लख्ख. घाट करून गाडी तापली की न्यूट्रलला असूनही दिवा नाही. क्लच हळूहळू सोडून बघतो, गाडी जागची हलत नाही, म्हणजे न्यूट्रल खरंच पडलेलं असतं. गिअरचा लिव्हर पायाने किंचित दाबून धरला तर कधी कधी लागतो, पाय काढला की गेला. पावसात हे जास्त होतं. आणि दिवा रुसलेला असेल तेव्हा सेल्फही मारत नाही. क्लच दाबला की मारतो.

गॅरेजवाल्याने बल्ब बदलून दिला. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो अख्खं वायरिंग बदलायचं म्हणतोय. माझ्याकडे मल्टीमीटर आहे, पाने आहेत आणि रविवार मोकळा आहे. सुरुवात कुठून करू?

अर्धवट_ज्ञानी

सॉकेट सैल असेल हो. बल्ब काढा, सॉकेटच्या पत्र्या जरा चिमट्याने आत दाबा, पुन्हा बसवा. माझं असंच झालं होतं.

तारवाला

सॉकेट नाही, बल्बही नाही. उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय: दिवा आणि सेल्फ एकाच वेळी रुसतात.

या दिव्याचं सर्किट इतकं साधं आहे की गाडीत त्याहून साधं फक्त हॉर्नचं असेल. चावी फिरवली की बल्बच्या एका टोकाला बॅटरीचा प्लस येऊन थांबतो. दुसऱ्या टोकाची वायर खाली इंजिनापर्यंत जाते आणि न्यूट्रल स्विचला लागते. गिअर ड्रमच्या (गिअर बदलताना इंजिनात फिरणाऱ्या दंडगोलाच्या) टोकाशी एक पिन किंवा तांब्याची पट्टी असते. ड्रम न्यूट्रलच्या जागी आला की ती स्विचच्या आतल्या टिकलीला टेकते आणि वायर इंजिनाच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. दिवा लागला. बाकी कुठल्याही गिअरमध्ये पिन नुसत्या प्लास्टिकवर असते.

तुमच्यासारख्या सेल्फच्या गाड्यांत स्टार्टर रिलेची (सेल्फच्या मोटरला करंट सोडणाऱ्या स्विचची) अर्थही याच स्विचमधून घेतलेली असते. दुसरा रस्ता क्लच लिव्हरखालच्या छोट्या स्विचमधून. म्हणून क्लच दाबला की सेल्फ मारतो. आता बघा, रिलेचा करंट बल्बमधून जात नाही. बल्ब किंवा सॉकेट बिघडलं असतं तर दिवा गेला असता, पण सेल्फ न्यूट्रलला मुकाट मारला असता. दोन्ही एकदम जातात म्हणजे दोष दोघांच्या सामाईक रस्त्यावर आहे. तो रस्ता फार तर दोन-तीन फुटांचा: जोड, तिथून खाली येणारी वायर आणि स्विच. त्यासाठी अख्खं वायरिंग बदलायचं काहीही कारण नाही.

रविवारी एवढंच करा. डावीकडचं पुढच्या स्प्रॉकेटचं (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं) कव्हर काढा. स्विचवर एकच वायर असते, ती सोडवा. चावी सुरू करून त्या वायरचं मोकळं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, रंगावर नको. दिवा लागला तर त्या टोकापासून वरचं सगळं ठीक, पुढे फक्त स्विचकडे बघायचं. नाही लागला तर स्विचला हात लावू नका, वायरमागे लागा. आणि टेकवलेलं असतानाच वायर सगळीकडे हलवून बघा, हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. दिवा मिचमिचला तर तिथेच तुटलंय.

फटफटी_जुनी

तारवाला +१. पण त्याआधी एक फुकटची तपासणी: क्लच केबलचा ढिलेपणा. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ हवा. केबल लांबून सैल पडली आणि क्लच पूर्ण सुटत नसला की इंजिन चालू असताना न्यूट्रल धड पडत नाही. पहिल्यातून थेट दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. मग आपण दिव्याला शिव्या देतो आणि तो बिचारा खरंच बोलत असतो. खाडीकाठचा म्हणतायत की क्लच सोडल्यावर गाडी हलत नाही, म्हणजे त्यांचा प्रश्न हा नसावा. पण धागा वाचणाऱ्या दहातल्या निम्म्यांचा हाच असणार.

अवांतर: आमच्या जुन्या बुलेटला हा दिवाच नव्हता. गिअर उजवीकडे, एक वर तीन खाली, आणि गिअरच्या लिव्हरशेजारी न्यूट्रलसाठी वेगळा छोटा लिव्हर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमधून टाचेने दाबला की थेट न्यूट्रल. फक्त पहिल्यातून चालत नसे. बल्ब नाही, वायर नाही, धागा काढायची वेळ नाही.

अर्धवट_ज्ञानी

काका, तेव्हा इंटरनेट तरी कुठे होतं धागा काढायला?

फटफटी_जुनी

म्हणूनच गाड्या दुरुस्त व्हायच्या.

गोंयचो_पावस

आमच्याकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यात, पावसाळ्यात याच्या उलट होतं. गाडी प्रेशरने धुतली की दिवा लागतो तो लागूनच राहतो, पहिल्यात टाका, तिसऱ्यात टाका, हिरवा तो हिरवाच. कव्हर उघडलं तर स्प्रॉकेटमागे चेनचं ग्रीस, तांबडी माती आणि पाणी यांचा गिलावा झालेला असतो. कपलर (वायरचा जोड) त्या ओल्या चिखलात बुडालेला, मग करंट चिखलातूनच इंजिनाला जातो. साफ करून वाळवलं की बरं. पण माती पुन्हा येतेच, म्हणून मी दर पावसाआधी कव्हर काढून खरवडतो.

एलईडी_भक्त

गोंयचो, तुमच्या मीटरमध्ये एलईडी बसवलाय का? साधा १.७ वॉटचा बल्ब पेटायला जवळपास १४० मिलिअँपिअर लागतात. चिखलातून इतका करंट जाणं कठीण आहे. एलईडी मात्र काही मिलिअँपिअरवरही मिणमिणतो. मी माझ्या गाडीत बल्ब काढून एलईडी टाकला तेव्हा सगळ्या गिअरमध्ये हलका हिरवा उजेड दिसायला लागला. आधी वाटलं एलईडी खराब, पण निघाला स्विचच्या टोकाशी ओलावा. बल्ब असता तर कधी कळलंच नसतं.

आणि हो, एलईडीला प्लस-मायनस असतं. उलटा बसला तर लागणारच नाही. 'नवा टाकला तरी लागत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी काढून फिरवून बघा.

गोंयचो_पावस

होय होय, एलईडीच आहे. दुकानदाराने 'जास्त टिकतो' म्हणून दिलेला.

रस्ता_तिचा

लागून राहणारा दिवा विनोदाने घेऊ नका. न लागणाऱ्या दिव्याने फार तर चिडचिड होते. खोटा लागणारा दिवा आपटवतो.

माझ्या गाडीची न्यूट्रलची वायर फ्रेमला घासून सोलली होती. तांबं फ्रेमला टेकलं की दिवा लागायचा, गिअर कुठलाही असो. पार्किंगमध्ये हिरवा दिवा बघून क्लच न दाबता सेल्फ मारला, गाडी पहिल्यात होती. पुढच्या स्कूटरपर्यंत एका उडीत पोचले. नशीब, मधे कोणी माणूस नव्हतं.

सेल्फची सगळी सुरक्षितता या एका अर्थवर उभी आहे. वायर अर्थ झाली की गाडीच्या लेखी 'न्यूट्रल आहे', मग सेल्फ कुठल्याही गिअरमध्ये मारतो. ज्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं, तिथे तेही पाहारा देणं सोडून देतं, कारण न्यूट्रलला असताना स्टँड खाली चालतो हेच तिला शिकवलेलं असतं.

बिनधास्त_४२०

एवढा काथ्याकूट कशाला? ती वायर कायमची बॉडीला बांधून टाका. सेल्फ कधीही मारतो, कटकट संपली. आमच्या इथल्या मेकॅनिकने माझ्या गाडीला तेच केलंय.

रस्ता_तिचा

तुम्ही माझा प्रतिसाद वाचलात की नुसता खाली आलात?

तारवाला

बिनधास्त, हे कृपया कोणी करू नका. माझ्याकडे अशा बांधलेल्या वायरी घेऊन गाड्या येतात. गाडीचा मालक बदलतो, नव्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं, आणि तो हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवतो. तात्पुरतं अडलं असेल तर क्लच दाबून सेल्फ मारा किंवा किक मारा, गाडी कुठेही अडून राहत नाही. सेल्फच्या वायरी बांधण्याइतका हा आजार मोठा नाही.

इंजेक्शनवाला

माझी गाडी २०२० नंतरची, बीएस-६, इंजेक्शनची. मीटरवर गिअरचा आकडा दिसतो. न्यूट्रलला कधी आकडा जातो, नुसती रेघ येते. वायर काढून इंजिनाला टेकवायची युक्ती माझ्या गाडीला चालेल का?

तारवाला

थांबा, टेकवू नका! तुमच्या गाडीत बहुधा एका वायरचा स्विच नसून गिअर पोझिशन सेन्सर आहे. काहींत प्रत्येक गिअरला वेगळी वायर असते, काहींत तीनच वायरी असतात आणि कंट्रोल युनिट त्यावरचं व्होल्टेज वाचून गिअर ओळखतं. ५ व्होल्टची वायर अर्थला टेकवलीत तर बाकीचे सेन्सरही गोंधळतील आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागेल. तुम्ही फक्त कपलर काढून पिना बघा, हिरवट बुरशी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, दाबून बसवा. त्याने नाही गेलं तर स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. खाडीकाठचा यांच्या गाडीसाठी सांगितलेलं तुमच्या गाडीला लावू नका.

खाडीकाठचा

रविवारचा अहवाल. कव्हर काढलं. गोंयचो म्हणतात तसा गिलावा आमच्याकडेही होता, फक्त चिपळूणचा. खरवडून, रॉकेलने पुसून स्विच दिसला. वायर काढून इंजिनाला टेकवली: दिवा लख्ख. हँडल दोन्हीकडे फिरवलं, काही नाही. पण स्प्रॉकेटच्या वरच्या वळणाशी वायर बोटाने वाकवली की दिवा जातो! वरचं प्लास्टिक अखंड दिसतं, पण तिथे वायर हाताला पोकळ लागते.

मग स्विचकडे गेलो. न्यूट्रलला ठेवून स्विचची बाहेरची, वायर लागते ती पिन आणि इंजिन यांच्यात मल्टीमीटर लावला. आकडा एकसारखा स्थिर नाही, ८ ते ३० ओहमच्या मधे नाचतो, लिव्हर दाबला की उतरतो. दोन्हीकडे दोष आहे असं समजू का?

तारवाला

दोन्हीकडे आहे. आणि मल्टीमीटरचा आकडा तुमची गोष्ट सगळी उलगडून सांगतो.

मल्टीमीटरची टोकं एकमेकांना टेकवून आधी त्यांचा स्वतःचा आकडा बघा आणि वजा करा. उरलेला एक ओहमच्या आसपास असायला हवा. तुमचा ८ ते ३० आहे. १.७ वॉटचा बल्ब पेटलेला असताना स्वतःच सुमारे ८५ ओहमचा असतो. त्याच्यापुढे आठ-दहा ओहम जास्त म्हणजे किरकोळ, दिवा जवळजवळ पूर्ण लागतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. स्टार्टर रिलेची कॉइल मात्र अनेक गाड्यांत चार-पाच ओहमचीच असते. तिच्या रस्त्यात आठ ओहम घुसले की निम्म्याहून जास्त व्होल्टेज वाटेतच संपतं आणि रिले ओढत नाही. म्हणून असा स्विच खराब व्हायला लागतो तेव्हा पहिल्यांदा सेल्फ तक्रार करतो, दिवा नंतर. आठवून सांगा, दिवा नीट लागत असतानाही सेल्फने नुसतं टिक टिक केलं होतं का?

खाडीकाठचा

अहो हो! गेल्या उन्हाळ्यात. बॅटरी उतरली म्हणून बॅटरीच बदलून घेतली होती. क्लच दाबून मारला की मारायचा, तेव्हा वाटलं योगायोग.

फटफटी_जुनी

बॅटरीवाल्याचं भलं झालं.

तारवाला

लिव्हर दाबल्यावर लागण्याचंही तेच. वर्षानुवर्षं तीच पिन त्याच जागी टेकते, टिकलीला खळगा पडतो किंवा पिनेमागची स्प्रिंग मऊ होते. लिव्हर दाबला की ड्रम केसभर फिरतो आणि पिन टिकलीच्या न झिजलेल्या कडेवर येते. यात एक शंका दूर करून घ्या. न्यूट्रल पडताना पायाला स्पष्ट 'टक' जाणवतो ना? तो ड्रमच्या टोकाशी असलेल्या तारा-चक्राचा आणि त्यावरच्या रोलरचा असतो. टक गुळगुळीत झाला असेल तर रोलरची स्प्रिंग गेली, मग ड्रम न्यूट्रलला नीट विसावतच नाही आणि नवा स्विचही काही दिवसांनी रडेल. त्यासाठी क्लचच्या बाजूचं इंजिन उघडावं लागतं.

खाडीकाठचा

टक अगदी खणखणीत आहे. मग स्विच बदलतो. काढताना ऑइल सांडेल का?

तारवाला

सांडेल, जर गाडी साइडस्टँडवर असेल तर. साइडस्टँडवर गाडी डावीकडे झुकते आणि स्विचही डावीकडेच. मधल्या स्टँडवर घ्या आणि डाव्या पायाखाली लाकडाची पातळ फळी सरकवा, म्हणजे गाडी किंचित उजवीकडे कलते. कोणाला तरी धरायला सांगा. किंवा सरळ ऑइल बदलायच्या दिवशी करा, ते सगळ्यात सोपं.

स्विच बाहेर आला की ड्रमच्या टोकातली छोटी पिन आणि तिच्यामागची केसाएवढी स्प्रिंग हातात येते, किंवा जमिनीवर पडून कायमची जाते. खाली पांढरं फडकं अंथरा. स्विच फक्त कानशीने घासून परत लावू नका. १००० नंबरच्या पॉलिश पेपरने टिकली चकचकीत होते, पण खळगा तसाच राहतो. स्विच, पिन, स्प्रिंग आणि ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी), सगळं नवं घ्या. चारही मिळून किरकोळ रकमेचं काम आहे. ओ-रिंगला थोडं इंजिन ऑइल लावून बसवा. स्क्रू ताकद लावून पिळू नका. स्विच प्लास्टिकचा आणि इंजिनातले आटे अॅल्युमिनियमचे, दोघांपैकी एक जाणार आणि आटे गेले तर तो खर्च वेगळाच.

वायर पोकळ लागते तिथून दोन्ही बाजूंना इंचभर कापून टाका. आतलं तांबं काळं झालेलं असेल तर चमकदार तांबं मिळेपर्यंत मागे जा. काळ्या तांब्यावर डाग (सोल्डर) बसत नाही. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा डाग देऊन जोडा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नुसती पिळून काळी टेप नको, चेनच्या तेलाने टेप महिन्याभरात सुटते. वायर स्प्रॉकेटपासून लांब, मूळ क्लिपमधूनच न्या.

रस्ता_तिचा

आणि सगळं झाल्यावर पाचही गिअर टाकून बघा की दिवा कुठल्याच गिअरमध्ये लागत नाही. लागायला हवा तिथे लागतो का, हे सगळेच बघतात. लागू नये तिथे लागतो का, हे कोणी बघत नाही.

डोंबिवली_फास्ट_बाईक

छान धागा, वाचनखूण साठवली. माझी थोडी वेगळी तक्रार: क्लच दाबला की न्यूट्रलचा दिवा लागतो, गिअरमध्ये असतानाही. क्लच सोडला की जातो. हा पण स्विचच का?

तारवाला

नाही, तुमचा डायोड गेला. क्लच स्विच आणि न्यूट्रल स्विच यांच्या वायरी रिलेसाठी एकत्र येतात. क्लचच्या अर्थने न्यूट्रलचा बल्ब पेटू नये म्हणून मधे एक डायोड असतो, करंट एकाच दिशेला सोडणारा. तो शॉर्ट झाला की तुम्ही म्हणता तेच होतं. उलट तो आतून तुटला तर दिवा व्यवस्थित लागतो, पण न्यूट्रलला सेल्फ क्लचशिवाय मारत नाही. पुष्कळ गाड्यांत तो फ्यूजपाशी किंवा सीटखाली वायरिंगमध्ये खोचलेला काळा चौकोनी तुकडा असतो, ओढला की निघतो. मल्टीमीटरच्या डायोड खुणेवर दोन्ही दिशांनी मोजा: एका बाजूने आकडा यावा, दुसऱ्या बाजूने येऊ नये.

डोंबिवली_फास्ट_बाईक

सीटखाली सापडला. दोन्ही बाजूंनी शून्य दाखवतोय. आणायला निघालो.

खाडीकाठचा

काम झालं. वायर कापली तर आत पाव इंच तांबं उरलंच नव्हतं, नुसती हिरवी भुकटी. वरची नळी धरून ठेवत होती म्हणून कधी टेकायचं, कधी नाही. स्विचच्या टिकलीवर खळगा होताच, आणि पिन नव्या पिनेशेजारी धरली तर उघड आखूड. आता मल्टीमीटर एक ओहमच्या आत दाखवतो आणि लिव्हरला हात लावला तरी हलत नाही.

कुंभार्ली चढून-उतरून आलो, भर पावसात. तापलेल्या गाडीवर हेळवाकच्या टपरीशी दिवा पहिल्या फटक्यात. सेल्फ क्लचशिवाय मारतो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पाचही गिअर तपासले, एकातही दिवा नाही.

जुनी बॅटरी घरात पडून आहे, चार्ज करून बघितली तर अजून धरते. कोणाला चिपळूण-खेर्डी भागात हवी असेल तर सांगा, इन्व्हर्टरला नाही चालणार, पण एखादा बल्ब पेटवायला पुरेल.

बिनधास्त_४२०

मला द्या. आणि ती बांधलेली वायर सोडवायला कव्हरचे कुठले स्क्रू काढायचे तेही सांगा.